चित्र हाताचं की छापलेलं? फ्रेम बदलायच्या आधी एवढं वाचा

दर आठ-पंधरा दिवसांनी कोणीतरी जुनी फ्रेम चादरीत गुंडाळून दुकानात आणतं आणि विचारतं, भाऊ, हे राजा रविवर्मांचं ओरिजिनल आहे ना, आमच्या वाड्यात पणजोबांपासून लटकलेलं आहे. म्हणून हा कागद छापून घेतला, भुसावळपर्यंत यायच्या आधी घरीच थोडं बघून घ्या.

बहुतेक वेळा ते छापीलच निघतं. रविवर्मांनी १८९४ मधे मुंबईत स्वतःचा छापखाना टाकला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथून लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. दगडावरची छपाई, एकेका रंगाला वेगळा दगड आणि वरून वार्निश, म्हणून ती तेलरंगासारखी चमकतात. खालच्या मार्जिनमधे प्रेसचं नाव आणि कार्ला-लोणावळा असं असायचं, पण फ्रेमच्या मापात बसवायला जुन्या फ्रेमवाल्यांनी (आमचेच भाऊबंद!) ते बिनधास्त कापून टाकलं. साडीवर जरी-टिकल्या चिकटवलेल्या दिसल्या तरी लगेच खुश होऊ नका, छापील चित्रच असं सजवायची तेव्हा हौस होती.

आता बघायचं कसं. घड्याळवाल्याकडे असतं तसं दहा पटीचं भिंग घ्या आणि देवीच्या गालावर धरा, गालच कारण तिथे रंग हळूहळू बदलतो. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके ओळीत, फुलासारखे जुळलेले दिसले तर सरळ ऑफसेट, कॅलेंडरवाली छपाई. ठिपके आहेत पण वेडेवाकडे, ओळ नाही, तर दगडावरची जुनी. ठिपकेच नाहीत, एक रंग दुसऱ्यात मिसळलाय, ब्रशच्या केसांच्या रेघा दिसतात, तर हाताचं असायचा चान्स आहे. मग खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च मारा, हाताच्या तेलरंगात दागिन्यांवर, डोळ्यातल्या चमकेवर रंग उचललेला दिसतो. हल्लीच्या कॅनव्हास प्रिंटवर पारदर्शक जेल फासून खोट्या रेघा करतात, पण रेघ एकीकडे आणि चित्रातली घडी दुसरीकडे जाते, तिथे पकडलं जातं.

हाताचं निघालं म्हणजे ओरिजिनल झालं असं मात्र नाही. आपल्या भुसावळला ज्यांची कबर आहे त्या मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला हाताने केल्या, बऱ्याचशा १८६६ मधे लंडनला आगीत गेल्या, पण होत्या त्या नकलाच. तसंच कोणा ड्रॉइंग मास्तरांनी रविवर्मांवरून काढलेली सरस्वती हाताचीच असते, रविवर्मांची नसते. त्यामुळे नुसत्या सहीवर जाऊ नका, सही नंतरही घालता येते. सही वार्निशच्या वर तरंगतेय का ते बघा आणि मागची बाजू बघा. कॅनव्हास, खिळे, जुनी चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेलं नाव, कधीकधी समोरून जे कळत नाही ते मागून कळतं.

आजोबांचं पेंटिंग म्हणून जे येतं त्यात बरेचदा फोटोवर हाताने रंग भरलेला असतो, भिंगातून खाली काळपट गुळगुळीत फोटो दिसतो. फोटो आणि चित्र दोन्ही एकाच माणसाच्या हातचं बघायचं तर चाळीसगावला केकी मूस यांचं घर आहे, जाऊन या.

एक विनंती, थुंकी, ओला फडका, थिनर, बटाटा काही लावू नका. वॉटरकलर एका पुसण्यात जातो. एका काकांनी दिवाळीच्या साफसफाईत गणपतीची सोंड पुसून आणली होती, आम्ही काय करणार.

आम्ही सर्टिफिकेट देत नाही, किंमतही सांगत नाही, ते मुंबईच्या लिलाववाल्यांचं काम. खरोखर रविवर्मांचं निघालंच तर अमेरिकेतल्या मुलाकडे पाठवायचा विचार सोडा, १९७९ पासून त्यांची मूळ चित्रं देशाबाहेर न्यायला बंदी आहे.

नुसतं बघायचे पैसे नाहीत. फ्रेम न उघडता आणा आणि दुपारी चारच्या आत या, ट्यूबलाइटखाली रंग नीट दिसत नाही.