गुणपद्धती, फुटबॉल पात्रता सामन्यांतील

आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेच्या मुख्य फेरीत कोणत्या राष्ट्रीय संघांनी खेळावे, हे साखळी सामन्यांतील गुणांवरून ठरविण्याची रीत. आज विजयाला ३, बरोबरीला १ आणि पराभवाला ० गुण मिळतात. गटातील प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी बहुधा दोनदा खेळतो, एकदा मायदेशी आणि एकदा त्याच्या देशात. बेरीज ज्याची जास्त, तो वर. बेरीज सारखी आली की पुढचे निकष लागतात, आणि पात्रतेचे गाजलेले बरेच निकाल या निकषांच्या क्रमाने ठरलेले आहेत. म्हणून या नोंदीत त्यांना अधिक जागा दिली आहे.

उगम : सामन्याच्या निकालाला गुण देऊन तक्ता लावण्याची पद्धत फुटबॉलमध्ये इंग्लंडच्या फुटबॉल लीगपासून (१८८८) रूढ झाली, याबद्दल फारसा वाद नाही. लीगची कल्पना कोठून आली, याबद्दल मात्र मतभेद आहेत. एका मतानुसार लीगचे संस्थापक विल्यम मॅक्ग्रेगर व त्यांच्या सहकाऱ्यांपुढे इंग्लिश कौंटी क्रिकेटचा नमुना होता. दुसऱ्या मतानुसार अमेरिकेतील बेसबॉलच्या नॅशनल लीगचा (१८७६). कौंटी क्रिकेट संयोजकांच्या रोजच्या परिचयाचे होते, हे पाहता पहिले मत अधिक संभवनीय वाटते; तथापि दोन्ही प्रभाव एकत्र असण्यास हरकत नाही. लीगचा पहिला हंगाम सप्टेंबर १८८८ मध्ये सुरू झाला तेव्हा गुण कसे मोजायचे हेच ठरलेले नव्हते. फक्त विजय मोजावेत, बरोबरीला काहीच देऊ नये, असाही एक पक्ष होता. अखेर नोव्हेंबरमध्ये, निम्मे सामने होत आले असताना, विजयाला २ आणि बरोबरीला १ हा हिशेब मान्य झाला. तो जवळजवळ शंभर वर्षे टिकला. १९३० च्या पहिल्या विश्वचषकात गट होते व गुणही होते, पण पात्रता फेरी नव्हती. ती १९३४ पासून आली. त्या वेळी यजमान इटलीलाही ग्रीसविरुद्ध पात्रता सामना खेळावा लागला.

तीन गुण : विजयाला ३ गुण द्यावेत या सुधारणेचे श्रेय सामान्यतः माजी इंग्लिश खेळाडू व प्रशिक्षक जिमी हिल यांना दिले जाते. त्यांच्या आग्रहाने फुटबॉल लीगने १९८१–८२ च्या हंगामापासून ही पद्धत स्वीकारली. मात्र इंग्लंडच्याच इस्थमियन लीगमध्ये ती १९७० च्या दशकात वापरात होती, त्यामुळे हिल यांना जनक म्हणण्यापेक्षा पुरस्कर्ते म्हणणे योग्य ठरेल. राष्ट्रीय संघांच्या सामन्यांत ती उशिरा आली. १९९४ च्या विश्वचषकाची अंतिम स्पर्धा तीन गुणांनी खेळली गेली, पण तिच्यासाठीचे पात्रता सामने दोन गुणांनीच झाले होते. १९९६ च्या युरोपियन अजिंक्यपदाचे आणि १९९८ च्या विश्वचषकाचे पात्रता सामने तीन गुणांनी झाले.

बदलाचे गणित साधे आहे. दोन गुणांच्या पद्धतीत एक विजय व एक पराभव यांचे मोल दोन बरोबऱ्यांइतकेच होते. तीन गुणांत ते ३ विरुद्ध २ असे झाले. परदेशात बरोबरी राखून परतण्याची किंमत त्यामुळे घसरली. संघ खरोखर अधिक आक्रमक झाले का, याबद्दल संशोधकांत एकमत नाही. आघाडी मिळालेला संघ ती राखण्यासाठी उलट अधिक बचावात्मक होतो, हा आक्षेप वजनदार आहे. शिवाय जुने तक्ते नव्या हिशेबाने मांडले तर क्रम अनेकदा तोच राहतो. १९९४ च्या पात्रता फेरीत फ्रान्स बाहेर पडला तो गट याचे उदाहरण. १७ नोव्हेंबर १९९३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सला बरोबरी पुरेशी होती. शेवटच्या मिनिटाला एमिल कोस्तादिनोव्हने गोल केला आणि बल्गेरिया २–१ ने जिंकला. स्वीडन १५, बल्गेरिया १४, फ्रान्स १३ असा तो तक्ता. तीन गुणांनी तो २१, २०, १९ असा होतो. क्रमात फरक पडत नाही.

समान गुणांचा प्रश्न : आरंभीच्या काळात समान गुण झाल्यास त्रयस्थ मैदानावर निर्णायक सामना खेळवीत. १९५४ च्या पात्रता फेरीत स्पेनने माद्रिदमध्ये तुर्कस्तानला ४–१ ने हरविले आणि इस्तंबूलमध्ये तुर्कस्तान १–० ने जिंकले. गोलांच्या हिशेबाने स्पेन स्पष्टपणे पुढे होता, पण गोल मोजण्याचा नियमच नव्हता. रोममधील निर्णायक सामना २–२ असा सुटला. मग एका इटालियन मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून चिठ्ठी काढण्यात आली आणि तुर्कस्तान विश्वचषकासाठी स्वित्झर्लंडला गेले. आजच्या दृष्टीने हा निकाल अन्याय्य वाटतो. त्या वेळच्या नियमाने तो पूर्ण वैध होता.

त्यानंतर गोल-सरासरी आली : केलेले गोल भागिले झालेले गोल. १९६२ च्या विश्वचषकात इंग्लंड आणि अर्जेंटिना यांचे प्रत्येकी ३ गुण झाले. इंग्लंडची सरासरी ४ भागिले ३, अर्जेंटिनाची २ भागिले ३, म्हणून इंग्लंड पुढे गेला. भागाकारात बचावाला अवाजवी महत्त्व मिळते. ३ गोल करून १ स्वीकारणाऱ्या संघाची सरासरी ३ येते, तर २० करून ८ स्वीकारणाऱ्याची केवळ अडीच. अंतिम स्पर्धेत १९७० पासून भागाकाराची जागा वजाबाकीने, म्हणजे गोलफरकाने, घेतली. त्याने निर्णायक सामने लगेच संपले नाहीत. १९७४ च्या पात्रता फेरीत स्वीडन (१५ गोल केले, ८ झाले) आणि ऑस्ट्रिया (१४ केले, ७ झाले) यांचे गुण व गोलफरक दोन्ही सारखे आल्याने २७ नोव्हेंबर १९७३ रोजी गेल्झनकिर्शन येथे ते पुन्हा भेटले आणि स्वीडनने २–१ ने बाजी मारली. जुनी सरासरी लावली असती तर ऑस्ट्रिया (२) स्वीडनच्या (१.८७५) पुढे निघाला असता, केलेल्या गोलांचा पुढचा निकष असता तर स्वीडन. तेच सामने, तेच गोल, पण कोणता निकष लावतो त्यावर विश्वचषकाचे तिकीट बदलते.

गोलफरकाचा सर्वांत जिव्हारी लागणारा प्रसंग आशियात घडला. २८ ऑक्टोबर १९९३ रोजी दोहा येथे जपान इराकविरुद्ध २–१ ने आघाडीवर होता. भरपाईच्या वेळेत इराकने बरोबरी साधली. जपान आणि दक्षिण कोरिया यांचे ६–६ गुण झाले. कोरियाचा गोलफरक ५, जपानचा ३. आपल्या पहिल्या विश्वचषकाच्या उंबरठ्यावरून जपान परतला. त्या देशात हा सामना आजही ‘दोहाची शोकांतिका’ म्हणून ओळखला जातो.

पुढचा मोठा मतभेद क्रमाचा आहे : आधी गटातील एकूण गोलफरक पाहायचा, की समान गुण असलेल्या संघांचे आपसांतील सामने? विश्वचषकाच्या पात्रता फेरीत बहुधा पहिला मार्ग, तर युरोपियन अजिंक्यपद आणि आशियाई चषक यांच्या पात्रतेत दुसरा. २०२६ च्या विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेसाठी फिफा या जागतिक महासंघानेही आपसांतील सामने वर आणले. एकूण गोलफरकात दुबळ्या संघाला धू-धू धुणारा फायद्यात राहतो, हा आक्षेप खरा आहे. दुसऱ्या बाजूला, आपसांतील निकालावर भर दिला की सहा-आठ सामन्यांची मेहनत दोन भेटींत आटोपते. गट लहान असल्यास आपसांतील सामने, मोठा असल्यास गोलफरक, ही तडजोड अधिक न्याय्य वाटते, पण कोणत्याही महासंघाने ती सर्वत्र स्वीकारलेली नाही.

सर्व निकष संपल्यावर शिस्तीचे गुण येतात. पिवळ्या कार्डाला उणे १, दुसऱ्या पिवळ्यामुळे मिळालेल्या लाल कार्डाला उणे ३, थेट लाल कार्डाला उणे ४. २०१८ च्या विश्वचषकात जपान व सेनेगल यांचे गुण, गोलफरक, गोल आणि आपसांतील निकाल सारे समान होते; उणे ४ विरुद्ध उणे ६ या फरकाने जपान बाद फेरीत पोहोचला.

मैदानाबाहेरचे गुण : अपात्र खेळाडू उतरविल्यास सामना ३–० असा प्रतिस्पर्ध्याला बहाल होतो. दक्षिण अमेरिकेतील २०१८ ची पात्रता फेरी या बाबतीत विशेष अभ्यासनीय आहे. बोलिव्हियाने सप्टेंबर २०१६ मध्ये मूळचा पॅराग्वेचा नेल्सन कॅब्रेरा याला पेरू व चिली यांच्याविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरविले. चिलीने तक्रार केली. चिलीचा सामना ०–० सुटला होता, म्हणून त्यांना २ गुण वाढून मिळाले. पेरू २–० ने हरला होता, म्हणून त्याला पूर्ण ३. शेवटी दोघांचे २६ गुण झाले आणि गोलफरकावर पेरू पाचवा, म्हणजे अजून शर्यतीत, आणि चिली सहावा, म्हणजे बाहेर. तो निर्णय नसता तर चिली २४ आणि पेरू २३ वर थांबले असते. दोनदा लागोपाठ कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद) जिंकलेला संघ स्वतःच्याच यशस्वी तक्रारीमुळे विश्वचषकाला मुकला. गुण कापले जाण्याचीही उदाहरणे आहेत : इक्वाडोरने २०२६ ची पात्रता फेरी उणे ३ ने सुरू केली, तरीही २९ गुणांसह दुसरे स्थान मिळविले. दक्षिण आफ्रिकेचे त्याच पात्रता फेरीत ३ गुण गेले, तरी १८ गुणांनी ती गटात पहिली आली.

वेगवेगळ्या गटांतील दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाच्या संघांची तुलना करताना गटांचा आकार असमान असेल, तर तळाच्या संघाविरुद्धचे निकाल वगळतात. महाराष्ट्रात याचा प्रत्यय २०२२ च्या महिला आशियाई चषकात आला. मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झालेली ही स्पर्धा २०२३ च्या विश्वचषकाची पात्रता फेरीही होती. यजमान भारताने नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर इराणशी ०–० बरोबरी करून एक गुण मिळविला. नंतर संघात कोविडची लागण झाल्याने चिनी तैपेईविरुद्ध (तैवान) पुरेसे खेळाडू उभे राहिले नाहीत. भारताने माघार घेतल्याचे मानले गेले आणि तो एक गुणही रद्द झाला. अ गटात तीनच संघ उरल्याने तिसऱ्या क्रमांकांची तुलना करताना इतर गटांतील चौथ्या संघाविरुद्धचे सामने मोजले नाहीत. मायदेशात, चाचण्यांच्या निकालांवर विश्वचषकाची वाट बंद व्हावी, हे त्या मुलींच्या वाट्याला यायला नको होते.

भारतीय पुरुष संघ : १९५० च्या विश्वचषकासाठी ब्रह्मदेश, इंडोनेशिया व फिलिपिन्स यांनी माघार घेतल्याने भारत एकही गुण न मिळविता पात्र ठरला, पण ब्राझीलला गेला नाही. २०२६ च्या विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत कतार १६, कुवेत ७, भारत ५, अफगाणिस्तान ५ असा तक्ता लागला. दोहा येथील कतारविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात भारतीय खेळाडू छांगतेच्या गोलाने भारत पुढे होता. ती आघाडी टिकली असती तर ८ गुणांनी पुढची फेरी मिळाली असती. चेंडू सीमारेषेबाहेर गेलेला असताना कतारचा पहिला गोल मान्य झाला आणि भारत १–२ ने हरला.

२०२७ च्या आशियाई चषकाची वाट मडगावच्या फातोर्डा मैदानावर संपली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सिंगापूरने भारताला २–१ ने हरविले. चार सामन्यांत भारताचे २ गुण, हाँगकाँग व सिंगापूर यांचे प्रत्येकी ८. उरलेले दोन्ही सामने जिंकूनही भारताची मजल ८ पर्यंतच होती; हाँगकाँग आणि सिंगापूर यांची आपसांतील एक भेट बाकी असल्याने त्यांपैकी किमान एक जण ९ वर जाणारच होता, आणि गटातून एकालाच प्रवेश होता.

फिफाच्या जागतिक क्रमवारीचे गुण या गुणांहून वेगळे. ते २०१८ पासून बुद्धिबळातील ईलो पद्धतीच्या (प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीनुसार गुण कमी-जास्त करण्याच्या) धर्तीवर मोजले जातात आणि पात्रता गटांची सोडत काढताना संघांची प्रतवारी लावण्यासाठी वापरतात.