निकोटिन गेल्यानंतर मेंदूत काय उरते

सिगारेट सोडू पाहणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो : तीन दिवस कळ काढा, तेवढ्यात निकोटिन शरीरातून निघून जाते, त्यापुढे सारा मनाच्या निग्रहाचा प्रश्न आहे. या सल्ल्याचा पूर्वार्ध बरोबर आहे. रक्तातील निकोटिनचे प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्मे होते, त्यामुळे तीन दिवसांनी त्याचा जवळजवळ मागमूस उरत नाही. उत्तरार्ध मात्र चुकीचा आहे आणि त्या चुकीची किंमत माणसे मोजतात. कोणत्याही मदतीविना सोडणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तीन ते पाच जण सहा महिने ते वर्षभर सिगारेटपासून दूर राहतात, आणि बाकीच्यांच्या अपयशाची नोंद ‘इच्छाशक्ती कमी पडली’ अशी केली जाते. निकोटिन निघून गेले तरी त्याने मेंदूत घडवलेले बदल त्याच्याबरोबर जात नाहीत. सोडण्यापेक्षा सोडलेले टिकवणे अवघड का असते, हे त्या बदलांकडे पाहिल्याशिवाय समजत नाही.

झुरका घेतल्यापासून दहा ते वीस सेकंदांत निकोटिन फुप्फुसांतून मेंदूत पोचते. ॲसिटिलकोलीन हा शरीराचा स्वतःचा संदेशवाहक रेणू जेथे बसतो, तेथेच ते जाऊन बसते. ही जागा म्हणजे चेतापेशीच्या पटलात रुतलेले एक प्रथिन असते. त्याला रिसेप्टर म्हणतात. पाच घटक वर्तुळाकार उभे राहून ते बनते आणि त्यांच्या मधोमध एक अतिशय अरुंद मार्ग असतो. योग्य रेणू बसला की हा मार्ग उघडतो, सोडियम व कॅल्शियमचे आयन आत शिरतात आणि पेशी उद्दीपित होते. घटकांच्या वेगवेगळ्या जुळण्यांमुळे या रिसेप्टरांचे अनेक प्रकार होतात. त्यांपैकी अल्फा-४ बीटा-२ हा प्रकार निकोटिनच्या व्यसनाच्या केंद्रस्थानी आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सामान्य उंदीर निकोटिन मिळवण्यासाठी धडपडत राहिले, तर बीटा-२ घटकाचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांनी लवकरच तो नाद सोडला.

ॲसिटिलकोलीन आपले काम झाल्यावर काही सहस्रांश सेकंदांत एका विकराकडून (एन्झाइमकडून) मोडले जाते. निकोटिनला तो विकर मोडू शकत नाही, म्हणून ते रेंगाळत राहते. सतत निकोटिनच्या सान्निध्यात असलेला रिसेप्टर मग एका तिसऱ्याच अवस्थेत जातो : रेणू बसलेला असूनही मार्ग उघडत नाही. या बधिर अवस्थेत निकोटिनची पकड अधिकच घट्ट असते, त्यामुळे अगदी थोडे निकोटिनही पुष्कळ रिसेप्टर अडवून धरू शकते. २००६ मध्ये धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूची ‘पेट’ (PET, म्हणजे जिवंत मेंदूतील रेणूंचे चित्र घेणाऱ्या तंत्राची) चित्रणे घेऊन केलेल्या अभ्यासात असे दिसले, की अवघ्या एक-दोन झुरक्यांनी या प्रकारच्या रिसेप्टरांपैकी निम्मे व्यापले जातात आणि सुमारे तीन तास व्यापलेले राहतात. पूर्ण सिगारेटीने हे प्रमाण ८८ टक्क्यांच्या वर जाते.

यापुढचा भाग मला या सबंध विषयातील सर्वांत विलक्षण वाटतो, म्हणून त्याच्यावर थोडे अधिक रेंगाळतो. पेशीला एखाद्या संदेशाचा सतत मारा सोसावा लागला, तर ती त्या संदेशाचे रिसेप्टर सहसा कमी करते. निकोटिनच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडते. १९८३ मध्ये लहान उंदरांवरील (माउस) आणि मोठ्या उंदरांवरील (रॅट) संशोधनात दिसले, की दीर्घकाळ निकोटिन दिल्यावर मेंदूतील रिसेप्टर वाढतात. १९८८ मध्ये धूम्रपान करणाऱ्या माणसांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंतही हीच वाढ आढळली. जनुकांकडून अधिक प्रथिन बनवण्याची आज्ञा सुटल्याचे मात्र दिसत नव्हते. मग हे जास्तीचे रिसेप्टर येतात कोठून? निकोटिन पेशीचे पटल ओलांडून आत शिरू शकते, हे या कोड्याच्या उत्तराचे मर्म आहे. ॲसिटिलकोलीनवर कायम विद्युतभार असतो, त्यामुळे ते बाहेरच राहते. निकोटिनचे काही रेणू मात्र भाररहित असतात. ते सहज आत जातात आणि आंतर्द्रव्यजालिकेपर्यंत, म्हणजे प्रथिनांची जुळणी जेथे चालते त्या भागापर्यंत, पोचतात. तेथे अर्धवट जुळलेल्या, एरवी मोडीत निघाल्या असत्या अशा घटकांना ते धरून ठेवते, पाचांची जुळणी स्थिर करते, आणि परिणामी अधिक रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर येतात. बाहेरून संदेश देण्यासाठी आलेला रेणू आत शिरून, तो संदेश घेणाऱ्या प्रथिनाच्याच बांधणीला हातभार लावतो, ही गोष्ट पहिल्यांदा समजली तेव्हा मी थक्क झालो होतो.

रिसेप्टर बधिर होत असतील तर निकोटिनची गोडी का टिकते, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. ही गोडी डोपामिन या, मेंदूला बक्षिसाची जाणीव देणाऱ्या संदेशवाहक रेणूशी जोडलेली आहे. डोपामिन स्रवणाऱ्या चेतापेशींवर गाबा या रेणूने काम करणाऱ्या पेशींचा लगाम असतो, आणि ग्लुटामेट स्रवणाऱ्या टोकांकडून त्यांना चालना मिळते. लगाम धरणाऱ्या पेशींवर प्रामुख्याने अल्फा-४ बीटा-२ रिसेप्टर असतात, ते निकोटिनने लवकर बधिर होतात. ग्लुटामेटच्या टोकांवर अल्फा-७ प्रकारचे रिसेप्टर असतात, ते सिगारेटमधून मिळणाऱ्या मात्रेला तितकेसे बधिर होत नाहीत. लगाम सैल पडतो, चालना चालू राहते, आणि डोपामिनचा स्राव दोन्ही कारणांनी वाढलेला राहतो.

रात्रीच्या झोपेत निकोटिन ओसरते, वाढीव संख्येने असलेले रिसेप्टर बधिरतेतून एकेक करून बाहेर येतात, आणि सकाळी त्या सर्वांना एकाच वेळी काहीच मिळत नाही. अस्वस्थता, चिडचिड, लक्ष न लागणे ही लक्षणे येथून सुरू होतात. पहिली सिगारेट ती शमवते, म्हणूनच ‘सिगारेटने ताण हलका होतो’ हा अनुभव खरा वाटतो. पण हलका होतो तो आधीच्या सिगारेटने निर्माण केलेला ताण. २०१४ मध्ये २६ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, सोडलेल्या लोकांमधील चिंता, नैराश्य आणि ताण हे न सोडलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले आढळले.

वाढलेले रिसेप्टर पूर्ववत होतात, ही दिलासा देणारी गोष्ट आहे. चित्रणांच्या आधारे पाहता सोडल्यानंतर पहिल्या आठवड्यात त्यांची उपलब्धता वाढलेलीच असते आणि साधारण सहा ते बारा आठवड्यांत ती धूम्रपान न करणाऱ्यांच्या पातळीवर येते. तीन दिवसांचा सल्ला देणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. चिडचिड, बेचैनी यांसारखी लक्षणे पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतात आणि बहुतेकांच्या बाबतीत दोन ते चार आठवड्यांत निवळतात. या काळातील काही बेचैनी तर निकोटिनची नसतेच. धुरातील काही संयुगांमुळे यकृतातील एक विकर वाढलेला असतो आणि तोच कॅफिनही मोडतो. सिगारेट सुटली की तो मंदावतो आणि पूर्वीइतकीच कॉफी घेणाऱ्याच्या रक्तात कॅफिन जवळजवळ दुप्पट होऊ शकते. अशा वेळी कॉफी निम्मी करणे शहाणपणाचे आहे.

मेंदूतील दुसरा बदल शिकण्याचा आहे, आणि तो रिसेप्टरांप्रमाणे आठवड्यांत पुसला जात नाही. रोज वीस सिगारेटी, प्रत्येकी सुमारे दहा झुरके, असा हिशेब केला तर वर्षाला सत्तर हजारांहून अधिक वेळा ‘अमुक प्रसंग, मग झुरका, मग डोपामिन’ हा क्रम मेंदूत गिरवला जातो. काही काळाने डोपामिनच्या पेशी प्रसंगालाच प्रतिसाद देऊ लागतात : जेवण संपणे, फोन वाजणे, ठरावीक मित्र भेटणे. कुत्र्यांवर प्रयोग करणाऱ्या पाव्हलॉव या रशियन शास्त्रज्ञाच्या काळापासून हे माहीत आहे, की संकेतामागून बक्षीस येणे थांबले तर प्रतिसाद विझतो, पण मूळ शिक्षण नष्ट होत नाही; त्याच्यावर नवे शिक्षण चढते, आणि ते ज्या परिस्थितीत झाले तिच्याशी बांधलेले राहते. परिस्थिती बदलली की जुना प्रतिसाद परत उसळू शकतो. २०११ मधील एका प्रयोगात सोडलेल्यांची सर्वसाधारण तलफ पस्तीस दिवसांत कमी होत गेली, पण सिगारेटशी जोडलेली दृश्ये दाखवल्यावर उठणारी तलफ त्याच काळात वाढत गेली. महिना नीट गेला आणि मग अचानक मन ओढले, तर त्यात चारित्र्याचा काही दोष नाही.

या पार्श्वभूमीवर ‘एका बैठकीत व्यसनमुक्ती’च्या जाहिराती तपासून पाहाव्यात. कानावर दाब, लेझर, चुंबक, शरीर ‘शुद्ध’ करणारे काढे यांपैकी कशानेही रिसेप्टरांची संख्या तासाभरात घटत नाही आणि हजारो वेळा गिरवलेले शिक्षण पुसले जात नाही. ॲक्युपंक्चर आणि संमोहन यांवरील चाचण्यांचा, वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने आढावा घेतला आहे. सहा महिन्यांनंतरही टिकणारा लाभ त्यांत खात्रीलायकपणे दिसलेला नाही. अशा उपायांवर गेलेल्या पैशांपेक्षा, ते फसल्यावर ‘माझ्याने होणारच नाही’ असा जो समज पक्का होतो, त्याचे नुकसान मला मोठे वाटते.

उपयोगी पडणारे उपाय याच यंत्रणेला हात घालतात. निकोटिनची पट्टी त्वचेतून सावकाश आणि सतत निकोटिन देते. रिसेप्टर अगदी रिकामे राहत नाहीत, पण झुरक्यासारखा डोपामिनचा उसळता स्राव होत नाही, त्यामुळे संकेत आणि बक्षीस यांची साखळी तुटते. पट्टीच्या जोडीला अचानक उठणाऱ्या तलफेसाठी च्युइंगम वापरणे हे केवळ एक वापरण्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरते. व्हरेनिक्लिन हे औषध अल्फा-४ बीटा-२ रिसेप्टरवर स्वतः बसते, मार्ग अंशतःच उघडते, आणि जागा व्यापलेली असल्याने सिगारेटच्या निकोटिनला तेथे फारसा वाव ठेवत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आठ हजारांहून अधिक लोकांवरील चाचणीत नवव्या ते चोविसाव्या आठवड्यांत सलग सिगारेटमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण व्हरेनिक्लिनच्या गटात सुमारे २२ टक्के, निकोटिनच्या पट्टीच्या गटात १६ टक्के आणि निष्क्रिय गोळीच्या गटात ९ टक्के होते. हे आकडे चमत्काराचे नाहीत, पण दुपटीहून अधिक फरक थोडा नव्हे. या औषधाचा नेहमीचा क्रम बारा आठवड्यांचा असतो आणि यशस्वी झालेल्यांना तो आणखी बारा आठवडे वाढवता येतो. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुरा करावा, बरे वाटू लागले म्हणून मध्येच सोडू नये.

आणि एखादी सिगारेट ओढली गेलीच, तर? तिने निम्म्याहून अधिक रिसेप्टर काही तासांसाठी व्यापले जातात आणि जुनी साखळी पुन्हा एकदा गिरवली जाते, म्हणून ‘एकीने काय होते’ हे म्हणणे खरे नाही. तितकेच हेही खरे आहे, की त्या एका सिगारेटीने आठवड्यांचे पूर्ववत होणे रद्द होत नाही, कारण वाढीव रिसेप्टर सततच्या निकोटिनने बनतात. त्या दिवशी पट्टी किंवा गोळी बंद करण्याचे काहीच कारण नसते. कोणत्या प्रसंगाने, कोणाच्या सोबतीत, कोणत्या वेळी ती ओढली गेली हे लिहून ठेवावे. तो संकेत अजून विझलेला नाही एवढी नेमकी माहिती त्यातून मिळते, आणि पुढच्या खेपेस त्याच प्रसंगाला जाताना च्युइंगम खिशात ठेवता येतो.