गर्डरच्या वेल्डचा टो : ट्रीटमेंट कुठे कामाची, कुठे पैसे वाया

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, स्टीलच्या रोड ब्रिजचे गर्डर (पुलाचे मुख्य बीम) वेल्ड झाले की त्या वेल्डचा टो, म्हणजे कड, घासून किंवा ठोकून देणं हे आमचं काम. चौकशीला येणारे बहुतेक फॅब्रिकेटर भाऊ एकच विचारतात, प्लेट ई३५० ग्रेडच्या मजबूत स्टीलची घेतली, वेल्ड अल्ट्रासॉनिक टेस्टमध्ये पास झाला, मग आता हा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणूनच हे पत्रक काढलं.

अल्ट्रासॉनिकमध्ये आतले दोष कळतात. पण स्टिफनर (गर्डरला ताठ ठेवणारी पट्टी), कव्हर प्लेट (वरून जोडलेली जादा प्लेट) असल्या जोडांवर फटीगचा, म्हणजे ताण पुन्हा पुन्हा येऊन पडणारा क्रॅक बहुतेक वेळा बाहेरूनच सुरू होतो, वेल्ड संपून प्लेट सुरू होते त्या रेघेवर, तिलाच टो म्हणतात. तिथे भिंग धरून बघा, बारीक अंडरकट (वेल्डच्या कडेची खाच) दिसेल, आणि मिलिमीटरच्या दोन-चार दशांशाइतक्या स्लॅगच्या, म्हणजे वेल्डच्या मळीच्या भेगा असतात त्या तर डोळ्याला दिसतही नाहीत. त्यात वेल्ड थंड होताना आकसतो, त्यामुळे पुलावर एकही गाडी नसताना त्या जागी यील्डच्या (स्टील कायमचं वाकायला लागतं त्या ताणाच्या) जवळपास जाईल इतका ताण आधीच अडकून बसलेला असतो. कापड फाडायच्या आधी दुकानदार कात्रीने छोटी चीर देतो ना, मग ते सरळ फाटत जातं, टो म्हणजे गर्डरला आधीच दिलेली ती चीर आहे.

म्हणून ई२५० घ्या की ई४१०, नुसत्या वेल्ड केलेल्या जोडाची फटीग ताकद तेवढीच राहते. स्टीलच्या बांधकामाचा भारतीय कोड आयएस ८०० (२००७), त्याच्या १३ व्या भागातही फटीगचा वर्ग जोडाच्या डिटेलवरून, म्हणजे रचनेवरून ठरतो, स्टीलच्या ग्रेडवरून नाही. युरोपच्या कोडमध्ये, युरोकोडमध्ये, गर्डरच्या लांबीला आडव्या लावलेल्या स्टिफनरच्या वेल्डला ८० चा वर्ग आहे, म्हणजे २० लाख फेऱ्यांसाठी ८० मेगापास्कलचा ताण-फरक (गाडी गेली की ताण जेवढा वर-खाली होतो तो) धरायचा. कव्हर प्लेटच्या टोकाला तोच वर्ग ५६ वरून जाडीप्रमाणे ३६ पर्यंत उतरतो, म्हणून जुन्या पुलावर आम्ही पहिले तिथेच बघतो.

आता नागपूरचं बघा. राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ इथेच एकमेकांना भेटतात, कोराडी-खापरखेड्याकडचे कोळशाचे आणि राखेचे ट्रक आहेतच. त्यात २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या सिंगल एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. वाढ जेमतेम १३ टक्के, पण फटीगमध्ये नुकसान ताणाच्या घनाने वाढतं, म्हणजे १.१३ चा घन, साधारण १.४३. ट्रक तेवढेच राहिले तरी एक्सलच्या वजनाचा थेट मार बसतो त्या जागी ४३ टक्के जास्त झीज, आणि ओव्हरलोड तर यात धरलेलाच नाही.

हाच घन ट्रीटमेंटच्या बाजूनेही काम करतो. बर ग्राइंडिंग (छोट्या फिरत्या कटरने टो घासणं) किंवा टिग ड्रेसिंग (टिग वेल्डिंगच्या आर्कने टो परत वितळवून गुळगुळीत करणं) नीट झालं तर ताण-फरकाची क्षमता १.३ पट धरतात, त्याचा घन २.२, म्हणजे आयुष्य दुपटीच्या वर. पण नीट म्हणजे काय ते महत्त्वाचं. पेन्सिल ग्राइंडरला कार्बाइडचा बर लावून अंडरकटच्या तळाच्या खाली अजून किमान अर्धा मिलिमीटर जायचं, नाहीतर भेग आतच राहते आणि वरून नुसती चकाकी येते. खोलीची मर्यादा २ मिलिमीटर किंवा प्लेटच्या जाडीच्या ७ टक्के, जे कमी असेल ते, म्हणजे १६ मिलिमीटरच्या फ्लॅंजला (गर्डरच्या वरच्या-खालच्या आडव्या प्लेटला) १.१ मिलिमीटरच्या पुढे हात जाऊ द्यायचा नाही. बरच्या रेघा टोला आडव्या, ताणाच्या दिशेने पडतात, ते चांगलं. चार इंची ग्राइंडरची डिस्क वेल्डच्या लांबीने फिरवली की रेघा उलट पडतात, ते आम्ही करत नाही आणि तुमच्या पोरांनाही करू देऊ नका.

दुसरी पद्धत ठोकण्याची, एचएफएमआय, म्हणजे हाय फ्रिक्वेन्सी मेकॅनिकल इम्पॅक्ट. यात कडक स्टीलची पिन सेकंदाला ९० च्या वर ठोके देते, टोला काही दशांश मिलिमीटर खोल गुळगुळीत नाली पडते आणि ओढणाऱ्या ताणाच्या जागी दाबाचा ताण बसतो. फायदा बरपेक्षा जास्त, ८० चा वर्ग १२५ पर्यंत धरता येतो, आणि इथे मात्र उच्च ग्रेडच्या स्टीलला जास्त लाभ मिळतो. पण गर्डरवर डेड लोड (पुलाचं स्वतःचं कायमचं वजन) मोठा असेल तर हा फायदा उतरतो. म्हणून शक्य असेल तर स्लॅब पडल्यावर, डेड लोड आल्यावर ठोकावं असं आमचं मत आहे, मग साइटवर मचाण बांधावं लागलं तरी चालेल.

अमेरिकेत कनेक्टिकटच्या यलो मिल पाँड पुलावर १९७० मध्ये कव्हर प्लेटच्या टोकाशी क्रॅक सापडले होते, पूल तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता. पुढे तिथे पीनिंग (ठोकणं) आणि टिग रिमेल्टिंग (परत वितळवणं) करूनच ती टोकं सुधारली. म्हणजे जुन्या पुलावरही हे चालतं, फक्त क्रॅक उथळ असेपर्यंत, खोल क्रॅक ठोकून बंद होत नाही.

काही कामं आम्ही सरळ नाकारतो. लोड वाहणारा फिलेट (दोन प्लेटच्या कोपऱ्यातला वेल्ड) बारीक असेल तर क्रॅक रूटमधून, म्हणजे वेल्डच्या आतल्या मुळातून येतो, तिथे टो कितीही घासला तरी उपयोग शून्य. तसंच स्टिफनर फ्लॅंजच्या आधीच तोडलेला आणि त्याला क्रॉस फ्रेम (शेजारच्या दोन गर्डरना जोडणारी चौकट) जोडलेली असेल तर मधल्या छोट्या गॅपमध्ये वेब (गर्डरची उभी प्लेट) आतबाहेर होतं, तिथे डिटेलच बदलावं लागतं. तुमच्याकडून पैसे घेऊन तिथे पॉलिश मारून देणं आम्हाला पटत नाही.

कामासाठी येताना ड्रॉइंग आणा, त्यावर ओढणाऱ्या ताणातल्या वेल्डना खूण करा, डिझायनरकडून ताण-फरक आणि डेड लोडचा ताण लिहून घ्या. सगळा गर्डर करायची गरज नसते, बहुतेक वेळा मोजक्या जागा असतात. गर्डर पेंट झाला असेल तर आधी सांगा, टोच्या दोन्ही बाजूंचा पेंट काढून डाय पेनिट्रंट टेस्ट (रंग लावून बारीक क्रॅक शोधणं) करावी लागते. आणि काम झालं की प्रायमर त्याच दिवशी मारा, पावसाळ्यात तर नक्कीच, कारण उघड्या नालीत गंजाचे खड्डे पडले की परत तिथूनच क्रॅक सुरू होतो.