जनरल रजिस्टरातला रकाना : शाळेतल्या पारलिंगी मुलांच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

जन्माच्या वेळी नोंदलेल्या लिंगाशी ज्यांची लिंगओळख जुळत नाही अशा पारलिंगी व्यक्तींबद्दलचा 2014 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि 2019 चा केंद्राचा कायदा वाचकांना माहीत आहेत असे धरतो. पहिल्याने आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला, दुसऱ्याने शिक्षणसंस्थांतल्या भेदभावाला मनाई केली. दोन्ही लिहिताना डोळ्यांसमोर मुख्यतः मोठी माणसे होती.

लहान मुलाचा उल्लेख कायद्यात आधीपासून आहे, पण वेगळ्या नात्याने. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींसाठी केलेल्या कायद्याचा एक भाग हिजड्यांच्या नोंदणीचा होता. नोंद झालेल्या व्यक्तीच्या ताब्यात सोळा वर्षांखालचा मुलगा सापडला तर तिला शिक्षा होई. 2019 च्या कायद्यातही पारलिंगी आहे एवढ्या कारणाने मुलाला आईवडिलांपासून न्यायालयाच्या आदेशाशिवाय वेगळे करता येणार नाही, असे कलम आहे. हेतू पुष्कळ बदलला, विषय मात्र ताब्याचाच राहिला. ते मूल शिकणार कुठे आणि कसे, ही विचारणा अगदी अलीकडची.

त्याआधी शब्दाचा घोळ. सरकारी मराठीत ‘तृतीयपंथी’ हा शब्द पक्का बसला आहे. पंथ म्हटला की गुरू आला, दीक्षा आली, घराणे आले. हिजडा समाजात हे सारे आहे, त्यामुळे तिथल्या मोठ्या माणसाला तो शब्द चालतोही. सातवीतल्या पोराने कुठला पंथ घेतलेला असतो? शिवाय जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदलेला आणि स्वतःला मुलगा म्हणवणारा विद्यार्थी ‘तृतीय’ व्हायला निघालेलाच नसतो. असे मुलगे या शब्दामुळे चर्चेतून जवळजवळ गायब झाले आहेत. ‘पारलिंगी’ त्या मानाने बरा, म्हणून इथे तोच वापरला आहे. पण ‘लिंग’ म्हणताच वर्ग खिदळतो. व्याकरणाच्या तासाला ‘नपुंसकलिंग’ आले की मागच्या बाकांवरून माना कोणाकडे वळतात, हे मराठी शाळेत शिकलेल्याला सांगायला नको.

भाषेची अडचण त्याहून खोल आहे. ‘मी शाळेत जातो’ की ‘जाते’ हे ठरवल्याशिवाय मराठीत साधे वाक्य पुरे होत नाही. कोल्हापूर-सांगलीकडे मुली सर्रास ‘मी आलो’, ‘मी गेलो’ म्हणतात, तिथे थोडे झाकून जाते. पुण्याच्या वर्गात त्याच क्रियापदावर सगळे वळून बघतात. शिक्षकांसाठीच्या मार्गदर्शक पुस्तिका इंग्रजीत विचार करून लिहिल्या जातात, त्यामुळे ही गोष्ट त्यांत येत नाही.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात ‘बालक’ म्हणजे सहा ते चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, आणि परिशिष्टात मुलगे-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे. दोनच वर्षांनी, 2011 च्या जनगणनेत, लिंगाच्या रकान्यातल्या ‘इतर’ या पर्यायाखाली 4,87,803 जणांची नोंद झाली. त्यांतली 54,854 सहा वर्षांपर्यंतची मुले होती. इतक्या लहान मुलाबद्दल घरच्यांनी हे उत्तर कशावरून दिले असेल, हे कोडेच आहे. या गटाची साक्षरता 56 टक्के निघाली, देशाची 73.

सगळ्यात जास्त वाद झाला तो 2021 च्या पुस्तिकेवरून. त्या वर्षी जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, घरातून पळून आलेल्या दोन तरुणींच्या संरक्षणाच्या प्रकरणात, शाळा-महाविद्यालयांसाठीही सूचना दिल्या होत्या. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास शालेय अभ्यासक्रमाचे काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने पारलिंगी मुलांच्या समावेशावर शिक्षकांसाठी एक पुस्तिका संकेतस्थळावर ठेवली. सर्वांना वापरता येतील अशी स्वच्छतागृहे, गणवेशात निवड, मुलगे-मुली अशी विभागणी कमी करणे, या तिच्यातल्या सूचना. बालहक्कांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाने हरकत घेतली: अशा स्वच्छतागृहांमुळे आणि मुलगा-मुलगी हा भेदच पुसल्यामुळे मुलांच्या मनावर आघात होईल. पुस्तिका लिहिणाऱ्यांची पात्रताही तपासायला सांगितली. काही दिवसांत पुस्तिका संकेतस्थळावरून दिसेनाशी झाली. डिसेंबरमध्ये मद्रासच्या न्यायालयाने त्यावर नाराजी नोंदवली.

त्या पुस्तिकेत वयात येणे लांबवणाऱ्या औषधांचाही उल्लेख होता. तो शिक्षकांच्या हातातल्या पुस्तिकेत नसता तरी चालले असते, असे माझे मत. ते काम डॉक्टरांचे. पण तेवढे पान दुरुस्त करता आले असते. अख्खी पुस्तिका उचलून ठेवल्याने मुख्याध्यापकांना कळायचे ते कळले: या विषयाला हात न लावलेला बरा. जानेवारी 2023 मध्ये त्याच संस्थेच्या नव्या समितीचा मसुदा आला. गणवेश आणि सुरक्षित स्वच्छतागृह त्यात राहिले, औषधांचा विषय गळाला.

दरम्यान कागदाचे त्रांगडे तसेच आहे. 2020 च्या नियमांप्रमाणे ओळखपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, आणि अठरा वर्षांखालील मुलासाठी तो पालकांनी करायचा. ज्या घरात मारून-मुटकून ‘नीट’ करणे चालू असते, त्याच घराची सही लागते. मूल अठराचे होऊन स्वतः अर्ज करते तोवर शाळा सुटलेली असते, आणि माध्यमिक शाळा संहिता शाळा सोडल्यानंतर जनरल रजिस्टरात, म्हणजे शाळेच्या प्रवेश-नोंदवहीत, उघड चुकीपलीकडे बदल करू देत नाही. ओळखपत्र दाखवल्यावर कागदपत्रे बदलून द्यावीत असे केंद्राचे नियम सांगतात. दाखला देणाऱ्या लेखनिकाला संहिता पाठ असते, केंद्राचे नियम त्याच्यापर्यंत पोचलेले नसतात. पुढे अकरावीच्या प्रवेशापासून नोकरीपर्यंत जुने नाव दाखल्यावर चिकटून येते.

2020 च्या शैक्षणिक धोरणाने मुली आणि पारलिंगी विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या निधीची तरतूद सुचवली. 2022 पासूनच्या पारलिंगींसाठीच्या केंद्रीय योजनेत शिष्यवृत्ती नववीपासून आहे. गळती त्याच्या बरीच आधी सुरू होते.

2025 मध्ये प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात पोचले, दोन वाटांनी. दिल्लीच्या एका शाळकरी विद्यार्थिनीने पाठ्यपुस्तकांतल्या लैंगिकता शिक्षणात या विषयाचा समावेश मागितला. सप्टेंबरमध्ये केंद्र आणि महाराष्ट्रासह सहा राज्यांना नोटिसा निघाल्या. ऑक्टोबरमध्ये, उत्तर प्रदेशातल्या एका खासगी शाळेत नोकरी गमवावी लागलेल्या आणि गुजरातमधल्या दुसऱ्या शाळेने नोकरी नाकारलेल्या एका पारलिंगी शिक्षिकेला न्यायालयाने भरपाई दिली आणि धोरण सुचवण्यासाठी समिती नेमली.