डेंग्यू, टी पेशी आणि लशीचा सांगाडा : पार्श्वभूमी

दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू पहिल्यापेक्षा घातक ठरू शकतो, हे बँकॉकमधल्या लहान मुलांच्या आजारपणात १९६०च्या दशकातच दिसले होते. त्याचे खापर फुटले प्रतिपिंडांवर (अँटिबॉडीजवर). डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराला चिकटतात, पण निकामी करत नाहीत. उलट त्याला पेशींत शिरायला वाट देतात. क्युबात १९७७ साली पहिला प्रकार येऊन गेला, १९८१ साली दुसरा आला आणि साथ भयंकर झाली, तेव्हा हे मत पक्के झाले. टी पेशींचा, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा, विचार त्यात फारसा नव्हता.

तो ठळकपणे पुढे आला २००३ साली, तोही संशयित म्हणून. थायलंडमधल्या आजारी मुलांच्या रक्तात विषाणूच्या एनएस३ या प्रथिनाचा तुकडा ओळखणाऱ्या टी पेशी तपासल्या, तर त्यांतल्या बऱ्याच पेशी अंगातल्या विषाणूपेक्षा आधी येऊन गेलेल्या प्रकारालाच घट्ट धरत होत्या. जुनी स्मृती नव्या विषाणूवर नीट चालत नाही, विषाणू उरतो आणि पेशींनी सोडलेल्या सायटोकाइन्समुळे, म्हणजे दाह वाढवणाऱ्या संदेश-रसायनांमुळे, रक्तवाहिन्या झिरपू लागतात, असा अर्थ लावला गेला. मांडणी नेटकी होती. फक्त, आजारी माणसाच्या रक्तात जे सापडते ते आजाराचे कारण आहे की परिणाम, हा प्रश्न मागे राहिला.

२०१०मध्ये व्हिएतनाममधल्या मुलांत दिसले, की सक्रिय सीडी८ पेशी (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या टी पेशी) रक्तात वाढतात त्या गळती सुरू झाल्यानंतर. कारण आधी यायला हवे, इतके साधे! २०१३मध्ये कोलंबोच्या रक्तदात्यांच्या अभ्यासात ज्या एचएलए प्रकारांचा (एचएलए म्हणजे विषाणूचे तुकडे टी पेशींना दाखवणारे, माणसागणिक वेगळे रेणू) संबंध सौम्य आजाराशी जोडला जातो, ते असलेल्या लोकांत डेंग्यूविरुद्धचा टी पेशींचा प्रतिसाद अधिक जोरकस आढळला. दिल्लीतल्या मुलांवरच्या २०१६च्या अभ्यासाने आणखी एक गुंता दाखवला : सीडी८ पेशी प्रचंड संख्येने वाढतात, पण प्रयोगशाळेत विषाणूचे तुकडे समोर ठेवले, तर इंटरफेरॉन-गॅमा हे विषाणूविरोधी प्रथिन सोडणाऱ्या त्यांत थोड्याच.

या संशयाचे सावट लशींवरही पडले. डेंग्यूचा विषाणू दहा प्रथिने बनवतो. त्यांतली तीन त्याच्या शरीराची, उरलेली सात एनएस गटातली, म्हणजे त्याच्या शरीरात नसणारी पण पेशीत त्याची वाढ घडवणारी. प्रतिपिंडांचे मुख्य लक्ष्य बाहेरचे आवरण, तर सीडी८ पेशींचा बराच रोख एनएस३ आणि एनएस५वर. २०१५च्या अखेरीस मेक्सिकोत मंजूर झालेल्या पहिल्या लशीत आवरण तेवढे डेंग्यूचे होते. आतला सांगाडा पीतज्वराच्या लशीचा, एनएस प्रथिनांसकट. निवड अविचारी नव्हती. ती लस १९३०च्या दशकापासूनची, पारखलेली, आणि यशाचे मोजमाप प्रतिपिंडांवर होते. सांगाडा ठरला तेव्हा २००३चा निष्कर्ष यायचा होता. तो आल्यावर तर डेंग्यूच्या टी पेशी न जागवणे सुरक्षितच वाटले असेल.

एप्रिल २०१६मध्ये फिलिपिन्सने शाळाशाळांतून ही लस द्यायला सुरुवात केली. आठ लाखांहून अधिक मुलांना ती मिळाली, आधी डेंग्यू होऊन गेला आहे का हे न तपासता. नोव्हेंबर २०१७मध्ये उत्पादकानेच जाहीर केले, की ज्यांना आधी संसर्ग झालेला नाही त्यांच्यात गंभीर आजाराचा धोका वाढतो. मोहीम थांबली. रूढ स्पष्टीकरण असे, की लस हाच मुलांचा पहिला संसर्ग ठरला आणि प्रतिपिंडे उलटली. माझ्या मते हे अर्धेच उत्तर आहे. त्या मुलांना प्रतिपिंडे मिळाली, पण संसर्ग झालेल्या पेशी साफ करणाऱ्या टी पेशींचा मोठा हिस्सा मिळाला नाही. हे सिद्ध झालेले नाही, आणि विरोधी पुरावाही आहे : नंतरच्या एका लशीचा सांगाडा डेंग्यूच्या दुसऱ्या प्रकाराचा असूनही, आधी संसर्ग न झालेल्यांत तिसऱ्या प्रकारापासून संरक्षण दिसले नाही.

ऑगस्ट २०२४मध्ये भारतात तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीला गेलेल्या लशीत पहिला, तिसरा व चौथा प्रकार आपापल्या सांगाड्यासह आहेत. दुसऱ्याचे आवरण चौथ्याच्या सांगाड्यावर चढवले आहे. मोठ्या चाचण्यांत टी पेशी मोजल्या जातात त्या मोजक्याच लोकांत, कारण त्यासाठी रक्त ताजे असतानाच जिवंत पेशी वेगळ्या करून गोठवाव्या लागतात, तर प्रतिपिंडांना थोडा सीरम पुरतो.