पार्श्वभूमी : दानाचा शेतमाल आणि तोडणीची मजुरी

टोमॅटोचा भाव पडला किंवा कृष्णेला पूर आला की सातारा-सांगलीत शेतमाल दान करण्याची चर्चा सुरू होते. या दानाचं मूळ खळ्यावरच्या बलुत्यात आहे असं सांगितलं जातं, पण बलुतं वर्षभराच्या कामाचं देणं होतं. मंगळवेढ्याची कोठारं दुष्काळात लोकांना खुली झाल्याची कथा जत-आटपाडीकडे कीर्तनात आजही रंगते. त्या कथेतलं धान्यही सरकारी होतं.

शेतकऱ्याच्या घरातून ठरवून आणि सातत्यानं धान्य बाहेर पडलं ते विसाव्या शतकात, वसतिगृहातल्या मुलांसाठी. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात सुरू झालेल्या रयत शिक्षण संस्थेनं १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडलं. सगळ्या जातींची मुलं तिथं एका पंगतीला बसत. त्यांच्या जेवणासाठी मुष्टिफंड निघाला. घरातली बाई दळणातली एक मूठ रोज बाजूला काढून ठेवायची आणि संस्थेची माणसं गावोगाव फिरून ते धान्य गोळा करायची. देणाऱ्याचं काम मूठ काढण्याइतकंच होतं, वाहतुकीचा भार त्याच्यावर नव्हता. पुढच्या बहुतेक प्रयत्नांत हीच बाजू लंगडी पडली.

१९७२ च्या दुष्काळात द्यायला ज्वारीच उरली नव्हती. लोकांनी परदेशातून आलेली लाल ज्वारी, म्हणजे मिलो, खाल्ला, मुलांना सुकडी मिळाली. फुकट धान्य वाटण्याऐवजी काम देण्याचं धोरण ठरलं आणि १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. माण-खटावात जमीनदार घरातली माणसंही खडी फोडायला बसली. त्यातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. २०१३ च्या कायद्यानं शिधापत्रिकेवरचं माणशी ५ किलो धान्य हक्काचं झालं. त्यामुळे आज गरिबाच्या ताटात उणीव आहे ती भाजी, फळ आणि डाळीची. यातली भाजी आणि फळंच हंगामात शेतात सडतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या पूर्व भागात चारा छावण्या चालू होत्या, तरी दुष्काळी पट्ट्यातल्या गावांनी घरोघरी भाकऱ्या थापून पूरग्रस्तांना पाठवल्या. ती मदत पोचली, कारण गाड्या गावातूनच भरून निघाल्या.

२०२० च्या टाळेबंदीत प्रश्न अवघड झाला. तासगाव-मिरजेच्या द्राक्षांना एक वाट होती. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवून रॅकवर वाळवले की बेदाणा होतो आणि तो शीतगृहात थांबतो. टोमॅटो, कोबी, मेथी आणि महाबळेश्वरची शेवटच्या तोड्याची स्ट्रॉबेरी अशी थांबत नाही. आठवडी बाजार बंद पडले. कुणी ट्रॉली भरून गावात भाजी वाटली, कुणी उभ्या पिकात रोटर घातला. रोटर घालणाऱ्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं, आणि ते अन्यायाचं होतं.

टोमॅटोचं क्रेट साधारण वीस किलोचं भरतं. ते रस्त्याला आणायचं तर तोडणीच्या बायकांची हजेरी म्हणजे रोजची मजुरी, क्रेट, टेम्पोचं भाडं आणि हमाली लागते. भाव किलोला दोन-तीन रुपयांवर आला की पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबात, काही उरत नाही, कधी पदरचेच घालावे लागतात. माल दान करायचा तरी हा खर्च चुकत नाही. तो कुणी द्यायचा, यावर तेव्हापासून दोन तट आहेत. एका बाजूचं म्हणणं असं की दान ते दान, त्याला मजुरी चिकटली की व्यवहार झाला. मजुरीच्या आशेनं निवडून उरलेला माल पाठवला जाईल आणि फुकटचा माल शहरात आला की राहिलेला भावही मोडेल, अशी भीतीही त्यामागे आहे. भावाची भीती खरी आहे. पण तोडणीची मजुरी मिळालीच पाहिजे, हा दुसऱ्या बाजूचा मुद्दा मला अधिक वजनदार वाटतो. उपाशी माणसासाठी टोमॅटो तोडणारी बाई स्वतःच रोजावर जगते. तिची हजेरी बुडवून भरलेलं क्रेट दुसऱ्याची भूक भागवेल, पण तिच्या घरी चूल पेटायची नाही.

अन्नपेढी, म्हणजे दानाचं अन्न गोळा करून गरजूंना पोचवणारी संस्था, ही कल्पना १९६७ साली अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात उभी राहिली. तिथं अन्न दान करणाऱ्याला करात सूट मिळते आणि २०१५ पासून ती शेतकऱ्यांनाही कायमची लागू झाली. आपल्याकडे ही वाट दोन्हीकडून बंद आहे. शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, म्हणून सवलतीचा शेतकऱ्याला उपयोग नाही. शिवाय देणगीची सवलत पैशाच्या देणगीलाच मिळते, वस्तूला नाही, त्यामुळे माल देणाऱ्या व्यापाऱ्यालाही ती लागू होत नाही. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ साली केंद्रानं नियम केले, त्यांचा रोख हॉटेलं, मंगल कार्यालयं आणि दुकानांवर आहे. शेतकरी आणि उभं पीक २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यातूनच वगळलेलं आहे. त्यामुळे शेतकऱ्याला परवान्याची कटकट नाही, पण त्याचा माल उचलण्याची जबाबदारीही कुणावर येत नाही.

गोंदवल्याच्या अन्नदानाला किंवा लोणंद-फलटण वाटेवरच्या पालखीला धान्य-भाजी कमी पडत नाही, कारण ती नेणारी आणि शिजवणारी माणसं आधीच ठरलेली असतात. भाव पडल्यावर शेतात उभ्या राहिलेल्या टोमॅटोसाठी तशी माणसं अजून ठरलेली नाहीत. तोडणीची हजेरी त्या-त्या वेळी वर्गणी काढून भागवली जाते, आणि वर्गणी जमेपर्यंत शेवटचे दोन तोडे हातचे गेलेले असतात.