घरी माणूस ठेवण्याआधी पेन्शनचा कागद पाहा
(निवृत्त सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी)

सातारा, कोरेगाव, वाईकडून फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, "चोवीस तासांच्या मावशींचे महिन्याला किती?" घरी सांभाळायला माणसं आम्ही पुरवतो, म्हणून दर सांगतोच. पण आधी पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, दाखवा. या खर्चातला काही भाग पेन्शनमधूनच निघू शकतो, आणि हक्काचे पैसे न मागितल्यामुळे पडून राहतात याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

वयाची ८० वर्षे पूर्ण झाली की मूळ पेन्शनच्या २० टक्के रक्कम जादा मिळते. ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. मूळ पेन्शन २०,००० असेल तर ऐंशीला ४,००० आणि पंच्याऐंशीला त्याऐवजी ६,००० रुपये; त्यावर महागाई भत्ता वेगळा. वाढदिवस महिनाअखेरीस असला तरी वाढ त्या महिन्याच्या १ तारखेपासून लागते.

वडिलांची जन्मतारीख लष्कराच्या नोंदीत असते, त्यामुळे त्यांचं सहसा अडत नाही. अडतं ते आईचं. फॅमिली पेन्शनलाही हीच वाढ आहे, पण जुन्या पीपीओत पत्नीची जन्मतारीख कित्येकदा नसतेच, किंवा आधारशी जुळत नाही. मग त्या ऐंशीच्या झाल्या हे 'स्पर्श'ला, म्हणजे सैनिकांच्या पेन्शनच्या ऑनलाइन यंत्रणेला, कळणार कसं? आईची तारीख आजच तपासा. चूक असेल तर वयाचा पुरावा घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि दुरुस्तीच्या अर्जातच थकबाकीही मागा.

नोकरीमुळे आलेलं अपंगत्व १०० टक्के असेल आणि सतत माणूस लागतो असं मेडिकल बोर्डाने लिहिलं असेल, तर 'कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स' मिळतो. केवळ वयामुळे अंथरुणाला खिळलेल्यांना तो मिळत नाही. कुणी तसं आश्वासन देत असेल तर विश्वास ठेवू नका. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा आधार उपचारांसाठी आहे, घरच्या मावशींचा पगार त्यातून धरू नका.

हयातीचा दाखला चुकला तर पेन्शनच थांबते. ८० च्या पुढच्यांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. उठवत नसेल तर मोबाइलवर चेहरा दाखवून घरीच होतो. पोस्टमनही घरी येऊन करून देतात.

अर्ज भरायला आम्ही मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही. येताना पीपीओ, डिस्चार्ज बुक, आधार आणि बँक पासबुक आणा. 'स्पर्श'चा पासवर्ड आणि ओटीपी मात्र कुणालाच सांगू नका, आमच्या माणसालाही नाही.